क्रूझ कोणती घ्यायची म्हणून चार महिने झोप नाही

मी समुपदेशक, तरी दर सुट्टीच्या आधी माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो. शब्द वेगळे असतात पण दुखणं तेच, की मॅडम, पैसे बाजूला काढलेत, जायचंय पण नक्की, पण कुठं ते ठरतच नाही, ठरवायला बसलो की घरात भांडणं होतात आणि ठरलंच तर रात्री वाटतं चुकलं. मागच्या महिन्यात एका मुलीने विचारलं की तिचे आईबाबा क्रूझला जाणार म्हणून सहा महिने नुसते रेट बघतायत, बुक काही करत नाहीत, हा काही आजार असतो का. आजार नाही. पण नुसता चिक्कूपणाही नाही, म्हणून एका जोडप्याचं सांगते, त्यांना विचारून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, काकूंनी घर, शेत आणि दोन म्हशी सांभाळून आयुष्य काढलेलं, आता दोघं लातूरला राहायला आलेले. डिसेंबरात लग्नाला पस्तीस वर्षं होणार म्हणून पुण्यातल्या मुलाने हट्ट धरला, तुम्ही दोघांनी समुद्र कधी नीट बघितला नाही, क्रूझला जा, अर्धे पैसे माझे. हे ठरलं मे महिन्यात आणि ते माझ्याकडे आले तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. काकूंनीच आणलं त्यांना. खुर्चीत टेकल्या टेकल्या म्हणाल्या, "मॅडम, हे रात्री दोन दोनला उठून मोबाईल बघायलेत, जेवणावर ध्यान नाही, कोन बोललं की वसकन अंगावर येतेत. क्रूझ नगं बाई, ह्यांची झोप तेवढी परत आना."

सरांनी पिशवीतून एक वही काढली. दोनशे पानी, एकरेघी, वर खाकी कव्हर आणि कव्हरवर वळणदार अक्षरात लेबल. आत निकालपत्रकासारखे रकाने आखलेले, जहाज, बंदर, किती रात्री, केबिन, जेवण, विमानाचा खर्च, टिप, रद्द केलं तर कपात, आणि शेवटी लाल पेनने शंभरपैकी मार्क. मुंबई-गोवा ७१, सिंगापूर ७०, लक्षद्वीप ६६. पान उलटलं की तीच जहाजं पुन्हा, आता सिंगापूर ७२, गोवा ६९. असं सव्वीस पानं. मी विचारलं, सर, दहावीचे पेपर तपासताना पण एवढ्यांदा तपासायचात का? ते म्हणाले, "नाही हो, एकदा तपासला की गठ्ठा बांधायचा." आणि गप्प झाले.

अभ्यास मात्र पक्का होता, हे मला मनापासून सांगायचंय, कारण घरचे अशा माणसाला वेड्यात काढतात. कॉर्डेलिया कंपनीचं मुंबईहून सुटणारं एम्प्रेस जहाज १९९० सालचं, सिंगापूरहून सुटणारं गेंटिंग ड्रीम २०१६ चं आणि आकाराने तिपटीच्या आसपास, हे त्यांना पाठ. भाडं लिहिलेलं असतं ते माणशी आणि एका केबिनमध्ये दोघं धरून, त्यावर पोर्टचे चार्जेस, टॅक्स, टिप वेगळे, जहाजावरच्या नेहमीच्या हॉटेलातलं जेवण धरलेलं पण दारू, इंटरनेट, बंदरावर उतरून फिरणं बहुतेक वेळा आपल्या खिशातून. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो म्हणून दिवाळीनंतरचेच दिवस बरे. केबिन तीन-चार तऱ्हेच्या, आतली बिनखिडकीची सगळ्यात स्वस्त, मग खिडकीची, मग बाल्कनीची, त्याच्यावर स्वीट म्हणजे सगळ्यात मोठी. मुलाचा कल सिंगापूरकडे आणि तिथली आतली केबिन घेतली तर विमानासकट कसंबसं बजेटात बसत होतं. एवढं सगळं असून माणूस पेमेंटच्या पानावर जायचा, ओटीपी यायचा आणि ते पान बंद करायचा. अकरा वेळा. तेही वहीत लिहिलेलं.

झोप उडाली असेल तर मी आधी ते नीट बघते. चिंता मोजायची सात प्रश्नांची एक प्रश्नावली असते, तीत त्यांना २१ पैकी ९ आले म्हणजे सौम्य, डॉक्टरकडे गोळ्यांसाठी धाडायची गरज वाटली नाही. (तुमच्याकडे कोणाची झोप अशी महिनोन्‌महिने गेली असेल आणि जवळ समुपदेशक नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं, लाजू नका.)

मग मी जहाजांचा विषय सोडला आणि विचारलं, सर, याआधी घरातला एवढा मोठा पैशाचा निर्णय तुम्ही एकट्याने कधी घेतला होता? बराच वेळ ते वहीचा कोपरा दुमडत बसले. मग निघालं. मुलीच्या लग्नासाठी साठवलेले चार लाख त्यांनी एका पतसंस्थेत ठेवले होते, का तर बँकेपेक्षा दोन टक्के व्याज जास्त. एक दिवस शटर पडलेलं, बाहेर गर्दी, पैसे आजतागायत नाहीत. काकूंच्या पाटल्या मोडून लग्न झालं. "ही तेव्हा एक शब्द बोलली नाही मॅडम. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी साधा फ्रीज घ्यायचा म्हटलं तरी मुलाला विचारतो."

आपल्या मराठवाड्यात पतसंस्था नाहीतर मल्टिस्टेट सोसायटीत पैसा अडकलेलं घर शोधायला लांब जावं लागत नाही, आणि पैशाबरोबर माणसाचा स्वतःवरचा भरवसाही तिथंच अडकतो, हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता कोणी "निर्णय होईना झालाय" म्हटलं की मी आधी जुना घाव शोधते. सर क्रूझ निवडतच नव्हते. ते पुन्हा एकदा शटरसमोर उभं राहायचं टाळत होते.

काकू तोवर खाली बघत होत्या. मी त्यांना विचारलं, तुम्ही तेव्हा का नाही बोललात? त्या म्हणाल्या, "हे तीन दिस जेवले नव्हते मॅडम. मी बोलले असते तर चौथा दिस बी जेवले नसते. मी काय पाटल्यासाठी गप नव्हते." सर तिच्याकडे बघतच राहिले. पंधरा वर्षं त्या गप्प बसण्याला ते राग समजत होते. त्या दिवशी मी क्रूझबद्दल पुढं काहीच बोलले नाही, चहा मागवला.

दुसऱ्या भेटीत वहीकडे वळलो. मी म्हटलं, सर, यात काकूंचा रकाना कुठंय? नव्हता. मग मी पेन काकूंकडे दिलं, त्या म्हणाल्या मी सांगते, तुम्ही लिव्हा. आणि त्यांचा पहिला प्रश्न काय असेल? "एवढी हजार-दोन हजार मानसं, त्यांना प्यायला, आंघोळीला पानी कुठून येतंय? टँकर तर येत नसंल." २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी ज्या शहराने प्यायलं तिथली बाई दुसरं काय विचारणार. मी माहिती काढून सांगितलं की मोठी जहाजं समुद्राचंच खारं पाणी यंत्रावर गोडं करून घेतात, बाकीचं बंदरावर भरतात. ते ऐकून त्यांचा चेहरा जो मोकळा झाला, कोणाचं पाणी आपण तोडत नाही म्हणून, तो मी विसरणार नाही.

मग बाकीचं आलं. सकाळी उठल्यावर पडूनच समुद्र दिसला पाहिजे. गुडघा दुखतो, उड्या मारायला लावू नका. घाटात एसटी लागते तर जहाज लागेल का. एकादशी नको मध्ये. आणि "सैपाक नगं, भांडी नगं, एवढंच." यातलं एकही सरांच्या सव्वीस पानांत नव्हतं.

आता मला मार्कांबद्दल जे वाटतं ते सांगते, हेच मी सरांनाही सांगितलं. सगळ्या गोष्टींना मार्क देऊन बेरीज केली की पोहण्याचा तलाव, नाटकाचं थिएटर, सतरा प्रकारचं जेवण यांचे मार्क मिळून बिनखिडकीच्या खोलीचं नापास झाकून टाकतात. बोर्डात असं चालतं का? एका विषयात नापास तर नापास, बाकीचे टक्के कितीही असोत. सर एकदम सरळ बसले. हर्बर्ट सायमन नावाचे अमेरिकन अभ्यासक होते, १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले, त्यांनी हेच मांडलं होतं की माणसाला सगळे पर्याय तोलून सर्वात उत्तम काढणं जमतच नाही, तो आधी पुरेसं कशाला म्हणायचं ते ठरवतो आणि त्यात बसणारं पहिलं सापडलं की थांबतो. शाळामास्तराला हे पासिंगच्या भाषेत लगेच कळलं.

पासिंगचे विषय ठरले. दोघांचं मिळून दीड लाखाच्या आत, खिडकी, चढउताराची कसरत नको, एकादशी नाही. सिंगापूर खिडकीसकट घेतलं तर दीड लाखात बसेना, नापास. लक्षद्वीपला मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, लांब नांगर टाकून छोट्या बोटीतून उतरवतात, लाटा असतील तर उतरणं रद्दही होतं, म्हणजे गुडघ्यात नापास. मुंबई-गोवा-मुंबई, दोन-तीन रात्रींची, जहाज सरळ धक्क्याला लागतं, पासपोर्ट-व्हिसाची भानगड नाही, खिडकी बसते. उरलं ते एकच. वीस मिनिटं लागली असतील. पण म्हणून सगळ्यांनी गोवाच घ्यावं असं नाही हं, माझ्याकडे आलेल्या दुसऱ्या एका घराने आठ आणि अकरा वर्षांच्या पोरांसाठी सिंगापूर घेतलं, आतली केबिन घेऊन, कारण पोरं खोलीत थांबणारच नव्हती, आणि त्यांचं बरोबरच होतं.

एसटी लागायची भीती तेवढी राहिली. त्याला मी सल्ला दिला नाही, म्हटलं करून बघा. दिवाळीच्या आधी मुंबईला मुलीकडे जाणारच होते, तर भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याला जी गाड्या नेणारी रो-रो बोट जाते, २०२० पासून सुरू आहे, तासाभराचा प्रवास, तीत बसून या. गेले. परत येऊन सर म्हणाले, "मी आत बाकावर रेट बघत बसलो होतो आणि ही वर कठड्याला धरून उभी. एका तासात एकदाही खाली आली नाही." आता मोठ्या जहाजाचं हलणं वेगळं, रात्रीचं वेगळं, हे मीही सांगितलं, आणि केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मधोमध घ्या, तिथं सगळ्यात कमी हलतं, उलटीची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

बुकिंग सरांनी माझ्या समोर नाही केलं, घरी, काकू शेजारी बसलेल्या असताना, कोजागरीच्या आत करायचं ठरलं होतं ते दोन दिवस आधीच झालं. पेमेंटच्या आधी रद्द केल्यास किती दिवस आधी किती कापणार हे एजंटकडून लेखी घेतलं, तो त्यांचा जुना घाव, त्याचा मान ठेवायलाच हवा. आणि एक पथ्य मी घालून दिलं होतं, पैसे भरले की त्या ट्रिपचा रेट पुन्हा बघायचा नाही, कमी झाला असला तरी. गठ्ठा बांधायचा. हे पथ्य त्यांना सगळ्यात जड गेलं, दोनदा मोडलं असं कबूलही केलं. मुलगा थोडा नाराज झाला, बाबा, सिंगापूर सोडून गोवा? सर त्याला म्हणाले, तुझ्या आईला खिडकी पाहिजे. एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. काकूंनी मला हे तीन वेळा सांगितलं.

लातूर-मुंबई एक्सप्रेसने एक दिवस आधीच गेले, गाडी लेट झाली तर जहाज थांबत नसतं म्हणून, मुलीकडे राहिले, सकाळी जहाजाच्या धक्क्यावर, बॅलार्ड पिअरला.

जानेवारीत दोघं पेढे घेऊन आले. सर वाळलेले नव्हते, झोप बरी होती. मी विचारलं, काय काकू, लागलं का जहाज? "मला कशाचं लागतंय. ह्यांनाच लागलं. दुसऱ्या राती वाकून वाकून बेजार, मी आलेपाक दिला, पाठीवरून हात फिरवला, आन् पहाटं ह्यांना खिडकीपाशी बसवलं." सर नुसते हसत होते. मग निघताना दारात चप्पल घालता घालता काकू थांबल्या आणि मला म्हणाल्या, मॅडम, ते लक्षद्वीपला छोट्या बोटीत उतरवतेत म्हणलात, गुडघ्याला पट्टा बांधला तर जमंल का हो?