स्वभाव कधी बदलला, ते आधी विचार

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पहिल्याच सत्रात फिनिअस गेज शिकवला आणि तुझी झोप उडाली, हे वाचून मला समाधान वाटलं. ज्याची झोप उडत नाही त्याने या क्षेत्रात येऊ नये. ‘मेंदूचा कपाळामागचा एक भाग गेला की सज्जन माणूस शिवराळ होतो, मग स्वभाव म्हणजे काय, आणि वागण्याचा दोष कुणाला द्यायचा?’ असं तू विचारलंस. प्रश्न खरा आहे, पण तुला शिकवलेली गेजची गोष्ट अर्धीच आहे. उरलेली अर्धी तुला वॉर्डात जास्त उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला भाग तुला माहीत आहे. १३ सप्टेंबर १८४८. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेसाठी खडक फोडत होते. पंचवीस वर्षांचा गेज तिथला मुकादम. सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सुमारे ६ किलो वजनाची पहार त्याच्या डाव्या गालाच्या हाडाखालून शिरून डोक्याच्या वरच्या बाजूने बाहेर पडली. तो बैलगाडीत बसून मुक्कामी परतला आणि डॉक्टरांशी बोललाही. डॉ. जॉन हार्लो यांनी त्याला जगवलं. डावा डोळा गेला. चालणं, बोलणं, आठवण शाबूत राहिली, पण हार्लोंच्या नोंदीप्रमाणे कष्टाळू, हिशेबी माणूस आता लहरी, हट्टी, अर्वाच्य बोलणारा झाला होता. मित्र म्हणू लागले, हा आपला गेज नव्हेच. कंपनीने मुकादमी परत दिली नाही.

पाठ्यपुस्तकं बहुधा इथेच थांबतात. गेज मात्र त्यानंतर जवळपास बारा वर्षं जगला. काही काळ न्यू हॅम्पशायरमध्ये घोड्यांच्या तबेल्यात राबला आणि १८५२ साली दक्षिण अमेरिकेत चिलीला गेला. तिथे वाल्पराइसो ते सँटियागो या मार्गावर प्रवासी घोडागाडी हाकायची, घोड्यांची निगा राखायची, हे काम त्याने कित्येक वर्षं केलं. या कामात काय काय येतं ते बघ. पहाटे उठायचं, घोडे जुंपायचे, सामान चढवायचं, परक्या भाषेतल्या प्रवाशांशी नीट वागायचं, खडबडीत रस्त्यावर अनेक घोड्यांचे लगाम एकाच वेळी सांभाळायचे. ज्याला पुढचा विचार करता येत नाही आणि राग आवरत नाही, त्याला हे वर्षानुवर्षं जमणार नाही. चिलीत त्याला पाहिलेल्या एका डॉक्टरने तर त्याच्या बुद्धीत काही उणं दिसत नाही असं सांगितलं होतं. पुढे प्रकृती ढासळली, तो सॅन फ्रान्सिस्कोला आईकडे आला, झटके येऊ लागले आणि १८६० साली वारला.

मॅल्कम मॅकमिलन या ऑस्ट्रेलियातल्या मानसशास्त्रज्ञांनी ही सगळी कागदपत्रं खणून काढली. गेज बऱ्याच अंशी सावरला होता, आणि रोजच्या बांधीव कामाने त्याला सावरलं असावं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. मेंदूत नवी मांडणी होत राहते, आणि मेंदूच्या पुढच्या भागाचं नियोजनाचं काम काही अंशी ठरलेली दिनचर्याही करू शकते. हार्लोंची ती प्रसिद्ध नोंद छापली गेली १८६८ साली, गेजच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. मृत्यूनंतर मेंदूची तपासणी झालीच नव्हती. मागे राहिली ती कवटी आणि पहार. २०१२ साली संगणकावर त्या कवटीचा अभ्यास झाला, तेव्हा कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचा, अंदाजे ४ टक्के भाग आणि त्याखालच्या जोडणाऱ्या तंतूंचा अंदाजे ११ टक्के भाग दुखावला असावा असं निघालं. नुकसान तंतूंचं जास्त! म्हणून ‘स्वभावाचं केंद्र’ असं बोट ठेवून दाखवू नकोस. वागणं अनेक भागांच्या आपसातल्या जोडणीतून घडतं.

डावा मेंदू गणिती आणि उजवा कलावंत असली वाक्यं तर तुझ्या तोंडी कधीच येऊ देऊ नकोस. आपल्याकडे ‘मिडब्रेन’ जागृत करून मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतो म्हणणारे क्लास निघाले, आईबापांनी हजारो रुपये मोजले. खरा मध्यमेंदू डोळ्यांच्या हालचाली, बाहुल्या, जाग, शरीराच्या हालचाली अशी कामं पाहतो. पट्टीआडून वाचणं त्यात नाही. आईबापांना हे सांगायला लाजू नकोस. जमलं तर एकदा बेंगळुरूला निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेतलं मेंदूंचं संग्रहालय बघून ये. तिथे खरा मेंदू हातात घेता येतो.

आता तुझ्या कामाचं. कुणाचं वागणं बिघडलंय म्हणून घरचे आले की ‘कसं वागतो?’ याआधी ‘कधीपासून?’ विचार. मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच वाटतो. आजोबा परवापर्यंत पेपर वाचत होते आणि कालपासून भलतंच बरळतायत, तर समुपदेशन करत बसू नकोस. रक्तातलं सोडियम कमी झालं असेल, लघवीत जंतुसंसर्ग असेल, औषध बदललं असेल. आजच डॉक्टरांकडे पाठव. कॉलेजातली मुलगी काही दिवसांत एकदम संशयी झाली, झोपत नाही, मग झटके आले किंवा तोंडाच्या विचित्र हालचाली सुरू झाल्या, तर घरचे मांत्रिक शोधतील आणि एखादा घाईतला डॉक्टर नुसती मनोविकाराची गोळी लिहील. जंतूंशी लढायची ती शरीराचीच प्रतिपिंडं मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवर संदेश झेलणाऱ्या एका प्रथिनावर, चालून जातात, असा एक आजार आहे. त्याचं कारण २००७ साली उलगडलं. वेळेवर ओळखला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. पार्किन्सन्सच्या (कंपवाताच्या) रुग्णाला उतारवयात अचानक जुगाराचं वेड लागलं, तर त्याची औषधं पाहा. डोपामिन या मेंदूतल्या रसायनासारखं काम करणाऱ्या काही गोळ्यांनी असं होतं, आणि डॉक्टरांनी त्या कमी केल्या की ते बहुधा ओसरतं.

दोष कुणाचा, या प्रश्नाला माझ्याकडे सरसकट उत्तर नाही. एमआरआय भाग कुठे आक्रसला ते दाखवतो, तो माणूस उद्या काय करेल ते दाखवत नाही. सारखीच इजा झालेली दोन माणसं वेगळी वागतात. गेज तर एकटाच दोन टप्प्यांत दोन तऱ्हांनी वागला. म्हणून ‘कधीपासून’च्या जोडीला ‘अजून काय काय नीट जमतं, आणि ते कुठे, कुणाबरोबर?’ हेही विचार. केसपेपरावर त्यासाठी रकाना नसतो, तू लिहीत जा.

यातलं सगळ्यात अवघड म्हणजे फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, मेंदूचा पुढचा आणि कानशिलाकडचा भाग हळूहळू झिजत जाण्याचा आजार. पन्नाशीतला माणूस, स्मरणशक्ती ठीक, नेहमीच्या प्रश्नावलीत गुण चांगले. पण सासऱ्यांच्या अंत्यविधीत हसतो, डबा भरून गोड खातो, बायको तापाने फणफणली तरी ढिम्म. निदानाला बरेचदा वर्षं जातात. तोवर बायकोने ‘यांचं माझ्यावर प्रेमच उरलं नाही’ असं धरून टाकलेलं असतं, आणि नातेवाईक तिलाच शहाणपण शिकवत असतात. हा आजार परतवणारं औषध आज नाही. पण तो ठरवून असं वागत नाही, हे तिला कुणीतरी बसून सांगायला हवं, आणि ते काम तुझ्याकडे येईल. एका बैठकीत ते उतरत नाही. पुन्हा बोलाव, मुलांना आणि दिरालाही बोलाव. मग बँकेचे व्यवहार कोण पाहणार, गाडीची किल्ली कुणाकडे राहणार, दुपारी तिला दोन तास झोप मिळावी म्हणून घरी कोण थांबणार, हे त्यांच्यासमोर एकेक करून ठरवून घे.

तुझे,
सर