यावलच्या अनोळखी माणसाशी डीएनए २३० सेंटीमॉर्गन (जुळलेल्या डीएनएचं माप) जुळला, आम्ही चोपड्याचे. समान पूर्वज कसा शोधू?

२३० म्हणजे साधारण पणजोबा-पणजी एक असण्याइतकं जवळचं नातं. पण खानदेशात हा आकडा जरा जपूनच वाचा. पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी त्याच पंचक्रोशीत, त्यात मामाच्या मुलीशी लग्नं. त्यामुळे दोन-तीन जुनी नाती एकत्र होऊन आकडा फुगतो. जुळलेल्या डीएनएचा सर्वांत लांब तुकडा किती ते बघा. तुकडे बारीक-बारीक आणि पुष्कळ असतील तर नातं बहुधा जुनं, अनेक बाजूंनी आलेलं.

आधी बाजू ठरवा. आतेभावाची चाचणी करा. त्यालाही तोच माणूस जुळला तर बहुधा नातं वडिलांकडचं.

मग कागद. तलाठ्याकडचे, तहसीलच्या अभिलेख कक्षातले जुने फेरफार (जमिनीच्या मालकी बदलाच्या नोंदी) काढा. 'मयत' खातेदाराखाली वारसांची नावं असतात, कधी सासरी गेलेल्या मुलींचीही. माझ्या पणजीचं माहेर मला अशाच एका पुसट ओळीत सापडलं, वाचताना डोळे भरून आले. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडची नामावळीही जरूर बघा. वंशवृक्षात फक्त पुरुष लिहू नका. पणजीचं माहेर रिकामं राहिलं की अर्धा वंश हातचा जातो.