‘द रोड’ निम्म्यावर अडकली आहे. लोकांना तिच्यात प्रेम कुठे दिसतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकन लेखक कॉर्मॅक मॅकार्थींची ‘द रोड’, म्हणजे जग उद्ध्वस्त झाल्यावर रस्त्याने चालत राहिलेल्या बापलेकांची कादंबरी, निम्मी झाली, पण राख, थंडी, उपासमार आणि माणसं मारून खाणाऱ्या टोळ्या यांपलीकडे अजून काही हाती लागलं नाही. मग काही वाचक हिला बापलेकाच्या प्रेमाची थोर कादंबरी का म्हणतात, काही जण वैतागून अर्ध्यावर का सोडतात, आणि तुम्ही नेटाने पुढे जावं की नाही?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तळघराचं दार उघडतात तो प्रसंग मागे पडला असेल, तर वाचा. पुढे तितकंच भयंकर आणखी एक दृश्य आहे, पण ते दोन-चार ओळींत संपतं. शिवाय तळघरानंतर लवकरच बापलेकांना जमिनीखाली दडवलेलं डबाबंद अन्नाचं कोठार सापडतं, तिथे तुम्हालाही जरा दम खाता येईल. तो प्रसंग अजून यायचा असेल, तर दिवसाउजेडी वाचा एवढंच सांगेन.

आता प्रेमाचं. ते तुम्ही बहुतेक ओलांडून आला आहात. सुरुवातीच्या भागात बापाकडे कोकोचं शेवटचं अर्धं पाकीट उरलेलं असतं. तो सगळा कोको मुलाला करून देतो आणि स्वतःच्या कपात नुसतं गरम पाणी ओतून घेतो. पोराच्या ते लगेच लक्षात येतं. असं करणार नाही म्हणून कबूल केलं होतंस ना, असं म्हणून तो बापाला तिथल्या तिथे पकडतो. बाप मुकाट्याने पाणी भांड्यात परत ओततो आणि मुलाच्या कपातला थोडा कोको आपल्या कपात घेतो. तुझ्यावर सारखं लक्ष ठेवावं लागतं, असं मुलगा वर त्याला सुनावतो. शिवाय बापाचाच एक नियम बापाला ऐकवतो: लहान वचनं मोडणारा मोठी वचनंही मोडतो.

माझ्या मते अख्खी कादंबरी या कपात आहे. बाप मुलाला जगवतो हे कोणालाही दिसतं, कारण ते पानोपानी आहे. ती मागचं दिसावं म्हणून आरसा लावलेली ढकलगाडी, ताडपत्री, डबे, पिस्तूल, सगळी त्याचीच धडपड. मुलगा बापासाठी काय करतो, इकडे मात्र फार जणांचं लक्ष जात नाही. तो बापाला माणसात ठेवतो. आणि हे काम बापाच्या कामापेक्षा अवघड आहे, कारण बापाचं मुलावरचं प्रेमच त्याच्या आड येतं.

पुढे एक चोर त्यांची गाडी पळवतो, तेव्हा हे उघड होतं. बाप त्याला गाठतो, पिस्तूल रोखतो आणि अंगावरचे कपडे, पायातले जोडेसुद्धा उतरवायला लावून त्याला तसाच थंडीत सोडून निघतो. मुलगा रडत असतो, सोडून दे म्हणून विनवत असतो. शेवटी ते परत जातात, हाका मारतात, कोणी येत नाही, तेव्हा कपडे आणि जोडे रस्त्यात ठेवून वर दगड ठेवतात. मी त्याला मारणार नव्हतो, असं बाप म्हणतो. त्यावर मुलगा जे बोलतो त्याचा मथितार्थ असा, की मारलंच आपण त्याला. याच भांडणात बाप म्हणतो की सगळ्याची काळजी तुला करायची नाहीये, आणि पोरगं म्हणतं की मलाच करायची आहे.

वाचक इथे फुटतात. एक गट म्हणतो बापाचं बरोबर, चोराने त्यांना मरायलाच सोडलं होतं. दुसरा म्हणतो त्या क्षणी तो ज्यांना घाबरून पळतोय त्यांच्यातलाच झाला. ‘प्रेमाची कादंबरी’ असं नुसतं म्हणून मोकळे होणाऱ्यांचा मला कंटाळा येतो तो यासाठी. प्रेम आहेच, पण ते माणसाला किती क्रूर करू शकतं, तेही त्याच पानांवर लिहिलेलं आहे. आणि ‘नुसतं अंधारलेलं पुस्तक’ म्हणणारे जगाकडे बघत बसतात, पोराकडे बघत नाहीत.

मूल झाल्याशिवाय ही कादंबरी कळत नाही, असं छातीठोक सांगणारे वाचक तुम्हाला भेटतील. मला ते पटत नाही. कोणाचं तरी मूल तर आपण सगळेच असतो, आणि पुस्तक त्या बाजूनेही तेवढंच उभं आहे. एक मात्र खरं, की आईबाप असलेल्या वाचकांना पिस्तुलाचा भाग सोसत नाही. सुरुवातीला दोन गोळ्या असतात, मग एकच उरते. पिस्तुलात गोळ्यांसाठी असलेल्या बाकी घरांत तो लाकूड तासून केलेल्या खोट्या गोळ्या बसवतो, लोकांना भरलेलं वाटावं म्हणून. ती एक खरी गोळी कोणासाठी राखली आहे हे बापालेकांना दोघांनाही ठाऊक आहे, आणि वेळ आली तर हात उचलेल का, हा प्रश्न बाप स्वतःला विचारत राहतो. इथे पुस्तक मिटून उठून गेलेल्या कोणालाही मी नावं ठेवणार नाही.

हे कुठून आलं, ते कळलं की पुस्तकाकडे बघण्याची नजर थोडी बदलते. मॅकार्थींचा जन्म १९३३चा. धाकटा मुलगा जॉन झाला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. २००७ मध्ये ओप्रा विन्फ्रेला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितलं, की हा मुलगा चारेक वर्षांचा असताना ते दोघं टेक्ससमधल्या एल पासो इथे हॉटेलात उतरले होते. मुलगा झोपला होता. रात्री दोन-तीनच्या सुमारास खिडकीतून बाहेर पाहताना, पन्नास-शंभर वर्षांनी हे शहर कसं दिसेल याचा विचार करताना, त्यांच्या डोळ्यांपुढे टेकडीवरच्या आगी आल्या. कादंबरी २००६ मध्ये आली, त्याच मुलाला अर्पण केलेली, आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. तेव्हा लेखक ७३ वर्षांचे होते. पुस्तकातला बाप सतत खोकतो, रक्त पडतं. जगबुडीचं सोंग बाजूला केलं तर आत उतारवयातल्या बापाची साधी भीती सापडते: पोर हाताशी यायच्या आत मी जाणार, मग याचं कसं होणार? पंचविशीतल्या बापाने हे पुस्तक लिहिलं असतं असं मला वाटत नाही.

मुलाच्या आईवरून वाचक फार चिडतात, आणि त्यात तथ्य आहे. तिला मोजकी पानं मिळतात, त्यात ती आपला निर्णय सांगते आणि अंधारात निघून जाते. प्रेम करायचा मान लेखकाने फक्त बापाला दिला, हा आरोप मला पूर्ण खोडता येत नाही. पण तिचा मुद्दा परत वाचा. आपल्याला पकडतील, हाल करतील, खातील. तू थांबवू शकणार नाहीस. यावर बापाकडे उत्तर नसतं, आणि लेखकही त्याला ते पुरवत नाही.

बाकीच्या तक्रारी झटकन सांगतो. अवतरणचिन्हं नाहीत, प्रकरणं नाहीत, नावं नाहीत (एक म्हातारा नाव सांगतो, तेही खोटं). सारखं ‘ओके, ओके’ चालतं. मला त्या ‘ओके’चा त्रास होत नाही: कधी ते ‘पटलं’ असतं, पुष्कळदा ‘पटलं नाही, पण वाद नको’ असतं, आणि मुलं असंच बोलतात. आणि नेमकं झालं काय, अणुयुद्ध की अशनी, हे न सांगितल्याने विज्ञानकथांचे वाचक खवळतात. घड्याळं १:१७ला थांबतात, लांबवर प्रकाश, मग दबके धक्के, बस. बाप उठतो आणि लगोलग बाथटब पाण्याने भरायला लागतो. अंघोळ कशाला करतोयस, असं बायको विचारते. करत नाहीये, तो म्हणतो. मला तेवढी माहिती पुरली.

आता शेवट. कळून घ्यायचा नसेल तर हा परिच्छेद सोडा. बाप मरतो, आणि मरताना ती राखून ठेवलेली गोळी त्याच्याने वापरवत नाही. तुला एकट्याला कधी सोडणार नाही, हे दिलेलं वचन तो मोडतो. कोकोच्या वेळी पोराने ज्याची आठवण करून दिली होती तेच, मोठं वचन. आणि मोडतो म्हणूनच मुलगा जगतो. तीन दिवसांनी मुलगा रस्त्यावर येतो, समोरून कोणीतरी येताना दिसतं. बापाच्या शिकवणीप्रमाणे रानात लपायला तो वळतोही, पण जात नाही. पिस्तूल हातात धरून रस्त्यातच उभा राहतो. येणारा माणूस बायकामुलांचा निघतो आणि त्याला सोबत नेतो. ‘सोयीस्कर शेवट’ म्हणून यावर सर्वांत जास्त टीका होते. मला तो अजिबात गोड वाटला नाही. त्या माणसाच्या बोलण्यावरून कळतं, की या बापलेकांच्या मागे यावं की नाही याची त्यांच्यात चर्चाही झाली होती. म्हणजे चांगली माणसं जवळपास होती, आणि बाप जिवंत असता तर त्याने मुलाला त्यांच्यापासूनही लपवलं असतं.

२००९चा चित्रपट आधी पाहू नका. व्हिगो मॉर्टेनसनने बापाचं काम चोख केलंय, पण त्याचा चेहरा एकदा डोळ्यांत बसला की तुम्ही बापाच्याच बाजूने वाचाल. प्रकरणं नसल्याने दोन-दोन पानं रोज असं करू नका; लांब बैठक मारा. आणि चोरापर्यंत पोचलात की खाली लिहा, बापाचं चुकलं की नाही. आमच्या वाचनगटात यावरून अजून दोन तट आहेत.