सकारात्मक दृष्टिकोनाने ताण खरंच कमी होतो का?

तुम्ही लिहिलंय की दुकानाचे हप्ते थकलेत, रात्री झोप लागत नाही आणि घरातले सगळे ‘पॉझिटिव्ह राहा’ एवढंच म्हणतात. तर याने ताण खरंच कमी होतो का, की या नुसत्या बोलायच्या गोष्टी? आणि प्राणायामाचा उपयोग होतो का? सकाळपासून तीन वेळा हा प्रश्न उघडून बंद केला. आता शिफ्ट सुटलीय, तर लिहूनच टाकतो.

कमी होतो. पण तुमच्या घरचे ज्याला पॉझिटिव्ह म्हणतायत त्याने वाढतो. मी आठ महिने तसाच पॉझिटिव्ह राहून बघितलंय.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं टेरी टॉवेलचं, म्हणजे अंगावर बारीक लूप असलेल्या टॉवेलचं, छोटं युनिट आहे. २०२० साली बारा लूम, म्हणजे माग, होते, आज आठ आहेत. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा मागावर बीम, म्हणजे ताण्याचा धागा गुंडाळलेले रूळ, चढवलेले तसेच राहिले आणि मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे माझे नऊ लाख अडकले. त्या दिवसांत आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, रोज सकाळी फोन करायचे. त्यांनी आदल्या वर्षी व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर केलेलं. म्हणायचे, “आकड्यांकडे बघू नको. आकडे माणसाला खाली ओढतात. सगळं चांगलं होणार एवढंच मनात धर आणि टेन्शन अजिबात घेऊ नको.” माणूस मनापासून बोलत होता. मला ते ऐकायला बरं वाटायचं, म्हणून मी ते पाळलं.

पाळलं म्हणजे काय केलं? बँकेची पाकिटं शेडमधल्या टेबलाच्या खालच्या खणात टाकत गेलो, एकही फोडलं नाही. सूतवाल्याचा फोन आला की “पुढच्या आठवड्यात बघू” म्हणायचो. बायकोने विचारलं की “होईल सगळं नीट.” मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची सवलत रिझर्व्ह बँकेने दिली होती. त्या सहा महिन्यांचं व्याज माफ आहे असं मी धरून चाललो होतो. चांगलंच होणार असं ठरवलेल्या माणसाला कागद वाचायची गरज वाटत नाही. व्याज माफ नव्हतं, ते रोज चढत होतं.

दिवसा मी हसतमुख असायचो. रात्री दोनला डोळे उघडायचे आणि डोक्यात बेरीज सुरू व्हायची. ती कधी पंधरा लाखांवर थांबायची, कधी चाळीस, एकदा तर पन्नासच्या वर गेली. एकच कर्ज, पण दर रात्री वेगळं. ॲसिडिटी सुरू झाली, मुलीवर विनाकारण ओरडणं सुरू झालं. दिवाळी झाली आणि त्याच आठवड्यात मध्यरात्री छातीत आवळल्यासारखं झालं. शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. ईसीजी ठीक निघाला, बीपी १७०/११०. डॉक्टरांनी विचारलं, “झोप किती तास?” मी सवयीने “चांगली आहे” म्हणालो. बायको शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही.

घरी आल्यावर तिने मुलीची अर्धी कोरी दोनशे पानी वही घेतली आणि माझ्यासमोर बसली.

“किती आहे, सांगा.”

“अगं, होईल नीट.”

“नीट होईल ते होईल. आकडा सांगा की ओ.”

मला आकडा सांगता येईना, कारण मला तो माहीतच नव्हता. मग खणातली पाकिटं आणली, ती तिने एकेक फोडली. पहाटे साडेचारपर्यंत लिहीत होतो. बँक १४ लाख २० हजार. सूतवाला ६ लाख ३५ हजार. डाईंग १ लाख ९० हजार. दाजींकडून घेतलेले २ लाख. मजुरी ८४ हजार. लाइटबिल ६२ हजार. एकूण २५ लाख ९१ हजार. तिने खाली रेघ ओढली आणि समोरच्या पानावर येणं लिहिलं: ते अडकलेले नऊ लाख आणि शेडमध्ये पडलेला तयार माल.

मग तिने विचारलं, “यातलं उद्याच्या उद्या कुणाला दिलं नाही तर काय होईल?” एकेका नावापुढे आम्ही ते लिहिलं. वीज तुटेल. मजुरांची चूल अडेल. सूतवाला शिव्या देईल, पण बापाच्या वेळेपासूनचा माणूस आहे, थांबेल. बँक नोटीस पाठवेल, मग पुढे बरेच महिने जातील. सहा राक्षस होते, त्यातले दोन आठवड्याच्या आत तोंड उघडणारे निघाले, आणि ते दोन मिळून दीड लाखाच्या आतले. तिने पाटल्या काढून ठेवल्या. मी नको म्हणालो नाही, खोटं कशाला सांगू.

त्या दिवशी सकाळी सहाला झोपलो तो दुपारी एकला उठलो. देणं एक रुपयाने कमी झालं नव्हतं.

हे असं का झालं, ते मला माझ्या मुलीने नंतर सांगितलं. ती पुण्यात मानसशास्त्र शिकते. रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन या दोघांनी १९८४ साली मांडलं की ताण नुसत्या घटनेत नसतो. माणूस मनात दोन हिशेब करतो: यात माझं काय पणाला लागलंय, आणि यावर माझ्याकडे काय उपाय आहे. पहिलं मोठं आणि दुसरं लहान दिसलं की ताण येतो. वहीने माझे दोन्ही हिशेब बदलले. पन्नासची भीती पंचवीसवर आली आणि ‘काहीच हातात नाही’च्या जागी ‘हे दोन या आठवड्यात, ते एक पुढच्या महिन्यात’ आलं. मी दृष्टिकोन म्हणतो तो याला.

तिने आणखी एक प्रयोग सांगितला, २०१६ सालचा, लंडनचा. ४५ जणांना कॉम्प्युटरवर एक खेळ दिला: दगडाखाली साप आहे की नाही ओळखायचं, साप निघाला की हाताला विजेचा दुखरा झटका. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना लोकांना जितका ताण आला, त्यापेक्षा जास्त ताण बसेल की नाही हे अर्धं-अर्धं असताना आला. मी तिला म्हटलं, हे सोलापूरकराला लंडनने सांगायची गरज नाही. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्याचा राग आहे, तो वेगळा. पण वार ठरलेला असला की बायका निवांत असतात. टाकी, पिंप, घागरी भरून ठेवतात आणि कामाला लागतात. ज्या दिवशी पाण्याचा वार चुकतो आणि आज येणार की उद्या हे कुणी सांगत नाही, त्या दिवशी गल्लीत भांडणं होतात. माझ्या डोक्यातलं कर्ज आठ महिने वार चुकलेल्या नळासारखं होतं.

आता ‘टेन्शनच घेऊ नको’ याबद्दल. आमच्याकडे एक जुने विणकर आहेत, घरी तेलुगू बोलतात, सगळे त्यांना मामा म्हणतात. वयाच्या पंधराव्या वर्षापासून मागावर आहेत. शेड परत सुरू केली त्या दिवशी मी त्यांना म्हणालो, मामा, आता टेन्शन घ्यायचं नाही असं ठरवलंय. ते बीमची साखळी बघत होते. म्हणाले, “मालक, टेन्शन न्हाई तर टॉवेल कसा व्हणार?” टेरीच्या लूमला दोन बीम असतात हे इथल्या पोरांनाही माहीत असतं. एकाचा धागा घट्ट ताणलेला, त्याच्यावर कापड उभं राहतं. दुसऱ्याचा सैल, त्याचे लूप होतात, तेच अंग पुसतात. दोन्ही घट्ट केले तर लूप येत नाहीत, धागे तुटत राहतात. दोन्ही सैल सोडले तर आडवा धागा नेणारा धोटा अडकतो आणि कापडच होत नाही. मामा दिवसभर वजनं कमी-जास्त करून हेच जुळवत असतात. लाइटबिल आणि मजुरी घट्ट बीमवर घ्यायची, सूतवाल्याच्या शिव्या सैल बीमवर. मी आठ महिने दोन्ही बीम सैल सोडून बसलो होतो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात विशेष काही नाही. बँकेत गेलो. तिथल्या बाईंनी सांगितलं की सरकारच्या हमीवर जादा कर्ज मिळतंय, २९ फेब्रुवारी २०२० च्या बाकीच्या वीस टक्क्यांपर्यंत, मुद्दल वर्षभर भरायचं नाही. त्याचं पत्र खणातल्या एका पाकिटात मे महिन्यापासून पडून होतं. मला पावणेतीन लाख मिळाले. (ती योजना मार्च २०२३ ला संपली, शोधत बसू नका. पण तुमच्या बँकेत जाऊन हप्त्यांची फेरआखणी होते का ते विचारा, आणि एकही हप्ता न भरता चार महिने गायब राहू नका.) चार लूम भंगारात किलोवर घातले. ते टेम्पोत चढवताना मी शेडमध्ये थांबलो नाही. उरलेल्या आठांवर महिन्याला हप्ता निघतो हे वहीत मांडून बघितलं होतं, म्हणून ते विकणं जमलं.

दाजींचं आणि माझं यावरून दर संक्रांतीला वाजतं. ते जेवायला येतात, गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, मुलांना फिरवून आणतात आणि परत आले की म्हणतात, “बघ, पॉझिटिव्ह राहिलास म्हणून तरलास.” मी म्हणतो, वहीने तरलो. यावर्षी मुलीने मला हत्यार दिलं. गॅब्रिएल ओटिंगेन नावाच्या संशोधक बाईंचा २००२ चा अभ्यास आहे. पदवी घेऊन नोकरी शोधणारी मुलं. ज्यांनी यशाची गोड स्वप्नं जास्त रंगवली, त्यांना दोन वर्षांनी नोकरीच्या संधी कमी आल्या आणि पगारही कमी मिळाला. उलट ज्यांना आपल्याला जमेल अशी अपेक्षा होती, त्यांचं बरं झालं. म्हणजे आशा वेगळी आणि स्वप्नरंजन वेगळं. ‘आठ लूमवर हप्ता निघतो’ ही आशा आहे, तिच्या खाली बेरीज आहे. ‘सगळं चांगलं होणार’ याच्या खाली काहीच नाही.

माझा यात जीव का अडकलाय तेही सांगतो. माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी नववीत होतो. ते तीन वर्षं रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जायचे आणि संध्याकाळी येऊन सांगायचे, “या महिन्यात भोंगा वाजतोय बघ.” मधल्या काळात त्यांना दोनदा माग चालवायचं काम आलं, त्यांनी घेतलं नाही. घर आईने विड्या वळून चालवलं. लोक वडिलांचं कौतुक करायचे की माणूस किती आशावादी आहे. आईला कुणी काही म्हणालं नाही. ती रोज रात्री विड्यांचा आकडा भिंतीवर कोळशाने लिहायची. आमच्या घरात सकारात्मक कोण होतं, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं. दाजी ‘आकड्यांकडे बघू नको’ म्हणतात तेव्हा मला ती भिंत दिसते, आणि म्हणून माझा आवाज चढतो.

‘आपल्यापेक्षा खालच्यांकडे बघ, मग आपलं दुःख लहान वाटतं’ असंही तुम्हाला कुणीतरी सांगेल. मी तेही केलं. मामांची मजुरी थकलेली, घरात सून बाळंतीण. त्यांच्याकडे बघून माझा ताण कमी झाला नाही, मला लाज वाटली. दुसऱ्याच्या हालाला उशी करून झोपू नका. आणि मामांना मी त्यावेळी ‘दृष्टिकोन बदला’ म्हणालो असतो तर तो अन्याय झाला असता, त्यांना ८४ हजारांतला त्यांचा वाटा हवा होता. बायकोने वहीतून पहिली खोडलेली ओळ मजुरीची होती.

प्राणायामाचं विचारलंत, करा, चांगलं आहे. मी रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाला चालत जातो, त्याने बीपी आटोक्यात राहायला मदत होते. गोळीही चालू आहे.

एक गोष्ट आधी लिहायला हवी होती. छातीत दुखलं तर ते टेन्शनचं आहे असं घरी ठरवू नका, आधी ईसीजी काढा. आणि झोप, भूक, कामातला रस सगळंच आठवडेच्या आठवडे गेलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर वहीने भागत नाही. तो आजार आहे, त्याला डॉक्टर लागतो. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि दाजींबद्दल मी कडक लिहिलंय, तर हेही लिहितो. बँकेत जायच्या दिवशी माझे पाय उचलत नव्हते. त्यांनीच मला स्कूटरवर बसवून नेलं आणि दोन तास बाहेर बाकावर बसून राहिले. त्यांचे दोन लाख त्यांनी एकदाही मागितले नाहीत. त्यातले साठ हजार अजून द्यायचे आहेत. ते म्हणतात, माझं नाव वहीतून काढ, घरातला हिशेब लिहीत नसतात. सूतवाल्याची ओळ खोडली, डाईंगची खोडली, बँकेची पुढच्या मार्चला खोडेन. दाजींची ओळ साठ हजारांसकट तशीच आहे.