माधुरी परत आली, मग मला का जमत नाहीये?

मुलांसाठी नोकरी सोडली, दहा-बारा वर्षं घरात गेली, आता मुलं त्यांची त्यांची मोठी झाली, मग मी परत काम करू शकेन का आणि मला आता घेणार तरी कोण. मी समुपदेशन करते आणि हा प्रश्न माझ्याकडे इतक्या जणी घेऊन येतात की त्यातल्या एका ताईंबद्दल लिहायचं ठरवलं. त्यांची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ताईंचं वय ४३. एमएस्सी मायक्रोबायोलॉजी, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या विभागात होत्या, त्या कामासाठीचं एफडीएचं (अन्न व औषध प्रशासनाचं) अप्रूव्हल वगैरे सगळं मिळालेलं. दुसऱ्या मुलाच्या वेळी नोकरी सोडली, त्याला आता ११ वर्षं झाली. मोठी मुलगी दहावीला, धाकटा सहावीत. माझ्याकडे आल्या त्या झोप लागत नाही आणि सारखी चिडचिड होते म्हणून, नोकरीचं नावसुद्धा पहिल्या भेटीत काढलं नाही. दुसऱ्या भेटीत मात्र बोलता बोलता एकदम रडायला लागल्या आणि म्हणाल्या, आई सारखी म्हणते माधुरीने नाही का केलं, संसार पण केला, मुलं पण वाढवली, आणि परत आली ना, तू नुसती बसून काय राहतेस. "मॅडम, ती माधुरी दीक्षित आहे हो. माझ्यासाठी कोण थांबलंय?"

आई चांगल्या मनानेच म्हणत होत्या, पण अशी तुलना आपल्याकडे इतकी सहज केली जाते आणि समोरचीला ती किती लागते हे बोलणाऱ्याला कळतच नाही. मी ताईंना तुलना सोडून द्या असं म्हटलं नाही. ती डोक्यात बसलेली असताना सोडून द्या म्हणून सुटत नसते. मी विचारलं, तिची गोष्ट तुम्हाला नक्की किती माहितीये? तर म्हणाल्या, सगळी! शाळेच्या गॅदरिंगला तिच्याच गाण्यांवर नाचलेली पिढी आहे त्यांची. मग मी एक मोठा कागद घेतला, मधे रेघ मारली, एका बाजूला माधुरीची वर्षं आणि दुसऱ्या बाजूला ताईंची. अशी आयुष्याची रेघ काढून घेणं मी बऱ्याचदा करते, कारण मनातल्या मनात आपण वर्षं खूप गाळतो आणि फक्त यशाची आणि अपयशाची टोकं लक्षात ठेवतो.

सुरुवात १९८४. राजश्रीचा 'अबोध', माधुरी १७ वर्षांची. सिनेमा चालला नाही. इथे ताईंना एक गोष्ट नवीन कळली की माधुरीने पण मायक्रोबायोलॉजीलाच ॲडमिशन घेतलेली आणि मधेच सोडून दिलं, त्यावर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. पुढची चार वर्षं सात-आठ सिनेमे आले नि गेले, 'आवारा बाप', 'स्वाती', 'उत्तर दक्षिण', आज कुणाला आठवतात? मग नोव्हेंबर १९८८ ला 'तेजाब' आला आणि सरोज खानने बसवलेल्या त्या एका गाण्याने सगळं बदललं. पुढचं सगळ्यांना पाठ आहे, १९९० ला 'दिल', ९१ ला 'साजन', ९२ ला 'बेटा', ९४ ला 'हम आपके हैं कौन', ९७ ला 'दिल तो पागल है'. पण त्या आधीची चार वर्षं ताईंच्या हिशोबात नव्हतीच, त्यांच्या मते माधुरी म्हणजे आली आणि लगेच स्टार झाली.

मग १९९९. ऑक्टोबर महिना, डॉ. श्रीराम नेनेंशी लग्न, आणि मग अमेरिकेत डेन्व्हरला संसार. वय ३२. ताई कागदाकडे बघत राहिल्या, कारण दुसऱ्या बाजूला त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, नोकरी सोडली, वय ३२. मी म्हटलं बघा, आणि तिने तेव्हा जे सोडलं ते काही थोडंथोडकं नव्हतं. तरी तिच्याबद्दल लोक म्हणतात किती छान निर्णय घेतला, आणि तुम्ही स्वतःबद्दल म्हणता मी माझं वाटोळं केलं. ताईंना मुलांबरोबर ती वर्षं घालवायची होती, त्यांनीच मला सांगितलेलं की पहिलीच्या वेळी पाळणाघरात सोडून बसमधे रडत जायचे, दुसऱ्याच्या वेळी मला ते परत नको होतं. म्हणजे निर्णय विचार करून घेतलेला होता, ११ वर्षांनी परिस्थिती बदलली म्हणून तो तेव्हाच चुकीचा होता असं होत नाही. आमची दोन सेशन याच एका मुद्द्यावर गेली आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

आता कागदाचा पुढचा भाग, जो जवळपास सगळेच विसरतात. लग्नानंतर २००२ ला 'देवदास' आला, २००३ आणि २००५ ला मुलं झाली, आणि मग २००७ ला 'आजा नचले'. माधुरीचं पुनरागमन म्हणून केवढी चर्चा झालेली. आणि तो सिनेमा चालला नाही. म्हणजे परत आल्यावर पहिलाच मोठा प्रयत्न तिकीट खिडकीवर पडला आणि ती परत डेन्व्हरला गेली, घर तिथेच होतं. मग थेट २०१० च्या शेवटी टीव्हीवर, 'झलक दिखला जा' मधे जजच्या खुर्चीत. २०११ ला पूर्ण कुटुंब मुंबईत शिफ्ट झालं. २०१३ ला ऑनलाइन डान्स शिकवायचं सुरू केलं. २०१४ ला 'डेढ इश्किया' आणि 'गुलाब गँग', त्यातल्या पहिल्याचं कौतुक खूप झालं पण गर्दी काही तशी झाली नाही. पहिला मराठी सिनेमा 'बकेट लिस्ट' तर २०१८ ला, वयाच्या ५१ व्या वर्षी. २०२२ ला वेब सिरीज, २०२४ ला 'भूल भुलैया ३'. हे सगळं ओळीने लिहून झाल्यावर ताई म्हणाल्या, "म्हणजे २००७ ते २०१४, परत यायला तिलाच सात वर्षं लागली की."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की तिच्याकडे पैसा होता, नाव होतं, लोक तिची वाट बघत होते, तुमच्याकडे यातलं काही नाही हे खरंय, आणि तिने केलं म्हणून तुम्हाला जमलंच पाहिजे असं मी कधीच म्हणणार नाही. मला त्या कागदावरून दोनच गोष्टी दाखवायच्या होत्या. एक म्हणजे ती परत आली ती ९४ च्या जागेवर आली नाही, आधी नाचाच्या बाजूने आत आली, जे तिने तिसऱ्या वर्षापासून कथक शिकत अंगात मुरवलं होतं आणि जे कुठे गेलंच नव्हतं. आणि दुसरं म्हणजे ती एकटी परत आली नाही. अमेरिकेतली सर्जरी सोडून नवरा आला, मुलं आली, अख्खं घर हललं.

पहिल्या गोष्टीवर ताई म्हणाल्या, माझं काय मुरलंय, ११ वर्षात मायक्रोस्कोपला हात लावला नाही. आणि त्याच भेटीत, दुसऱ्याच विषयावर बोलताना, त्यांनी सांगितलं की मागे सोसायटीत काविळीच्या केसेस निघाल्या तेव्हा त्यांनी कमिटीला धरून पाण्याचं सँपल पाठवायला लावलं. मी म्हटलं थांबा, नीट सांगा काय केलंत. तर लॅबमधून निर्जंतुक बाटली आणली, क्लोरीनचा परिणाम नको म्हणून त्यात थायोसल्फेट असलेलीच मागून घेतली, नळ पुसून थोडा वेळ पाणी वाहू दिलं, टाकीचं वेगळं आणि नळाचं वेगळं सँपल घेतलं, बर्फात ठेवून सहा तासांच्या आत पोचवलं, आणि रिपोर्टमधे कोलिफॉर्म (पाणी दूषित झाल्याची खूण असलेले जंतू) आल्यावर सेक्रेटरीला समजावलं की पिण्याच्या पाण्यात शंभर मिलीमधे एकही चालत नाही. ड्रेनेजची लाइन टाकीच्या पाइपजवळ फुटली होती ती त्यांच्यामुळे सापडली. हे सगळं त्या "काही नाही हो, असंच" म्हणून सांगत होत्या. कॉन्फिडन्स गेलाय म्हणणाऱ्या बायकांकडे मी हेच शोधत असते, काम चालूच असतं, फक्त पगार नसतो म्हणून ते कुणी मोजत नाही, त्या स्वतः तर नाहीच.

दुसऱ्या गोष्टीसाठी मी त्यांच्या मिस्टरांना बोलावलं. माणूस साधा, चांगला. पहिलं वाक्य, "मी कधी नको म्हटलंय का?" खरंच कधी म्हटलं नव्हतं. पण सकाळी सहा ते नऊ घरात कोण काय करतं ते मी दोघांना वेगवेगळं लिहायला सांगितलं, ताईंचं पान भरून मागच्या बाजूला गेलं आणि त्यांचं चार ओळीत संपलं. तीन डबे, धाकट्याची स्कूल बस, सासऱ्यांच्या गोळ्या, कामवाली, दूध, सगळं एका माणसावर. कंपनीची बस सव्वासातला निघते, मग बाई जाणार कशी? नको न म्हणणं आणि हातभार लावणं यात किती अंतर आहे ते त्यांनी ती दोन पानं शेजारी ठेवून बघितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग डबे आणि बस त्यांनी घेतली, सासऱ्यांच्या गोळ्या मुलीने, आणि आधी महिनाभर ताई घरी असतानाच हे करून बघायचं ठरलं, म्हणजे गडबड होईल ती आधीच होईल. झाली पण. ताईंना मधे न पडणं जड गेलं, त्यांच्या हाताला सवय होती.

झोपेचं आणि चिडचिडीचं मी सुरुवातीलाच डॉक्टरांकडे पाठवलेलं, कारण चाळिशीनंतर थायरॉईड, हिमोग्लोबिन, पाळीतले बदल हे बघितल्याशिवाय सगळं मनावर टाकू नये. हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं, त्यावर औषध सुरू झालं. आणि हे वाचणाऱ्या कुणाला दोन आठवड्यांच्या वर सतत उदास वाटत असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल तर करिअरचा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

नोकरीसाठी पहिला फोन कुणाला करायचा यावर ताई खूप अडल्या. जिला त्यांनी प्लेटिंग (जंतू वाढवून बघायला नमुना प्लेटवर घालणं) शिकवलं होतं ती ज्युनियर आता एका कंपनीत मॅनेजर आहे. तिला फोन करायचा म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं, असं त्या म्हणाल्या. आम्ही ठरवलं की नोकरी मागायचीच नाही, फक्त विचारायचं की मधल्या वर्षात काय बदललं. ती मुलगी तासभर बोलली. डेटा इंटिग्रिटीवर, म्हणजे नोंदी खऱ्या आणि न बदललेल्या असण्यावर, आता किती भर आहे, वहीतल्या नोंदी जाऊन सॉफ्टवेअर आलं, सुधारित शेड्यूल एम (औषधं कशी बनवायची याचे सरकारी नियम) आल्यापासून कंपन्यांची किती धावपळ चाललीये. ताईंनी यादी केली आणि दोन महिने वाचलं, एक ऑनलाइन कोर्स केला. रेझ्युमेमधे गॅप लपवायचा नाही असं मी सगळ्यांनाच सांगते, एका ओळीत लिहायचं की अमुक ते अमुक कौटुंबिक जबाबदारी, आणि खाली लगेच अलीकडे काय शिकलात ते. पाण्याच्या टाकीचं प्रकरण पण आम्ही त्यात घातलं.

पहिल्या इंटरव्ह्यूमधे विचारलं, मुलं आजारी पडली तर तुम्ही काय करणार? बापांना हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि मला याचा दरवेळी राग येतो. तिथे नकार आला. ताई माझ्याकडे आल्या त्या सगळं सोडून द्यायच्या तयारीत. मी तो कागद काढला आणि २००७ वर बोट ठेवलं. पुढे दोन ठिकाणी उत्तरच आलं नाही, आणि मग एका पाणी आणि अन्न तपासणाऱ्या लॅबमधे सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर घेतलं, जुन्या पगारापेक्षा कमी पैशात. घ्यावं की नाही यावर घरात वाद झाला, आईंना तर ते अजिबात पटलं नाही, एवढं शिकून एवढ्यावर? निर्णय ताईंनी घेतला. त्यांचं म्हणणं होतं की मला आधी हात चालू करायचाय, आणि तिथे इंटरव्ह्यू घेणाऱ्याने टाकीचीच गोष्ट सगळ्यात जास्त विचारली.

आता कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायची वेळ आलीये. झोप बरीच सुधारलीये, शनिवारच्या ड्युटीवरून घरात अजून कुरकुर होते, मुलीची बोर्डाची परीक्षा आहे त्यामुळे अपराधी वाटणं पूर्ण गेलेलं नाही. सध्या आमच्या सेशनमधे पगार वाढवून मागायची प्रॅक्टिस चाललीये, मी एचआरची भूमिका करते आणि त्या आकडा सांगतात. पहिल्या वेळी आकडा सांगून लगेच म्हणाल्या "पण थोडं कमी असलं तरी चालेल", तर ते शेवटचं वाक्य काढायचं काम चालू आहे.