वारंवार निखळणारा खांदा : टाके घालायचे की हाड बसवायचं?

प्रश्न : वय 21. दीड वर्षात उजवा खांदा चार वेळा पुढे निखळला, शेवटी तर झोपेत कूस बदलताना. एक सर्जन दुर्बिणीतून टाके घालू म्हणतात, दुसरे हाड बसवू म्हणतात. एमआरआय झाला आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर : आधी थ्रीडी सीटी स्कॅन करून घ्या. खांद्याच्या वाटीची पुढची कड किती झिजली हे त्यातच नेमकं मोजता येतं, आणि निर्णय त्या आकड्यावर बराचसा ठरतो. नुसत्या कुशीवर वळताना निखळणाऱ्या खांद्यात झीज असण्याची शंका घ्यावीच लागते. (झोपेत जीभ चावली जाते का, अंथरूण ओलं होतं का, हेही डॉक्टरांना सांगा. फिट येत असतील तर त्या आटोक्यात आणल्याशिवाय कुठलीच शस्त्रक्रिया टिकत नाही.)

झीज नगण्य असेल तर बँकार्ट दुरुस्ती, म्हणजे दुर्बिणीतून टाके घालणं, पुरते. वाटीवरून सुटलेली लेब्रमची (वाटीच्या काठावरच्या मऊ कड्याची) कड मोकळी करून 3-4 अँकरने (हाडात रोवलेल्या, दोरा असलेल्या छोट्या खुंट्यांनी) पुन्हा बसवतात, सांध्याचं सैल पडलेलं आवरणही वर ओढून घेतात. सगळ्यात खालचा अँकर उजव्या खांद्यात, वाटीला घड्याळाची तबकडी मानलं तर, साडेपाचच्या जागी हवा. तो वर राहिला की खालचा भाग सैलच राहतो. वाटीत फिरणाऱ्या दंडाच्या हाडाच्या गोळ्याच्या मागे मोठा खळगा पडला असेल, तर मागचा स्नायू त्यात शिवून टाकतात. याला रेम्प्लिसाज म्हणतात. त्यात हात बाहेर वळवणं थोडं कमी होतं.

झीज 20 टक्क्यांच्या पुढे असेल तर नुसत्या टाक्यांवर माझा भरवसा नाही. तिथे लॅटार्जे, म्हणजे हाड बसवण्याची शस्त्रक्रिया. खांद्याच्या पुढच्या बाजूला असलेल्या कोराकॉइड या हाडाचा साधारण 2 सेंटिमीटरचा तुकडा स्नायूबंधासकट काढून वाटीच्या पुढे 2 स्क्रूंनी घट्ट बसवतात. वाटी रुंद होते, शिवाय हात वर करून बाहेर वळवला की तो स्नायूबंध पुढून पट्ट्यासारखा आधार देतो. तुकडा वाटीच्या पातळीतच हवा : बाहेर डोकावला तर गोळ्याला घासून सांधा झिजतो, आत राहिला तर खांदा पुन्हा निखळू शकतो. जवळून नसा जातात, त्यामुळे बधिरपणा किंवा अशक्तपणा येण्याचा धोका असतो. धूम्रपान असेल तर बंद करा, हाड जुळायला अडथळा होतो.

10 ते 20 टक्क्यांच्या पट्ट्यात सर्जनांमध्ये मतभेद आहेत. वय कमी आणि अंगाला अंग भिडणारा खेळ असेल, तर लॅटार्जेकडे कल ठेवावा.

दोन्हींनंतर सुमारे 4 आठवडे हात झोळीत. धक्काबुक्कीचे खेळ साधारण 6 महिन्यांनी, तेही ताकद तपासून. लॅटार्जेनंतर त्याआधी हाड जुळल्याची खात्री सीटीवर करून घ्या.