मे महिन्यात जा

चि. मुली,

तुझा मेल काल दोनदा वाचला. प्रबंधाला कास पठाराची फुलं घ्यावीत की घाटातली सदाहरित झाडं, हा घोळ तुझा तू सोडव. मला खटकली ती शेवटची ओळ: 'ऑक्टोबरनंतर घाटात बघण्यासारखं काही उरत नाही, डेटा कमी पडेल.' अगं, खरं बघायचं तर तेव्हाच सुरू होतं! मे महिन्यात जा.

आपल्या पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस, महाबळेश्वरला त्याच्या सात-आठपट. एवढं पाणी पडतं तर रान किती उंच हवं? आणि आहे कसं? अंजन, जांभूळ, पिसा, सगळं बुटकंच. वारा आणि उथळ माती यांचाही त्यात हात आहे, पण मुख्य गोष्ट अशी की तो पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि पुढचे सात-आठ महिने जवळजवळ कोरडे. केरळकडे सरकावं तसे कोरडे महिने कमी होतात आणि झाडं उंचावतात. पाऊस किती पडतो यापेक्षा किती महिने पडत नाही, यावर इथं कोण टिकणार ते ठरतं. हे तुला ऑगस्टात छत्री धरून कळणार कसं? तेव्हा तणसुद्धा हिरवंगार असतं.

म्हणून मेमध्ये जा. फुलं शोधू नकोस, पान हातात घे. अंजनाचं पान जाड, तुकतुकीत. मधली शीर सोडली तर बाकीच्या दिसतच नाहीत. जांभळाचं पान उजेडात धर, कडेला समांतर पळणारी बारीक शीर दिसेल. चुरगाळून वासही घे. पिशाची पानं झुबक्यानं येतात, पालथी केली की पांढुरकी. हिरड्याच्या देठावर, पातं सुरू होतं तिथे, दोन बारीक ग्रंथी बोटाला लागतात. हिरडा पानं गाळतो, शेजारचं अंजन गाळत नाही. का? घे, हा तुझा विषय.

कासला मी नावं ठेवत नाही. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशात गेलं, छानच झालं. पण मेमध्ये तिथं तापल्या कातळावरच्या चिमूटभर मातीत सप्टेंबरची बहुतेक फुलं बी नाहीतर कंद होऊन पडलेली असतात, ती बघायला कोण जातं?

मला विभागात 'उन्हाळी बाई' म्हणायचे. पठारांवर जाणाऱ्यांना नव्या प्रजाती सापडल्या, पेपर झाले, बढत्या झाल्या. माझ्याकडे वह्या जमल्या: पालवी कुणाला कधी, पानगळ कुणी लांबवली. त्या वह्या पुढे चालवायला कुणी आलं नाही, ही खंत आहेच. पण चुकलं असं मला आजही वाटत नाही. पाऊस लांबला की कोणतं झाड आधी मान टाकतं, हे त्यांच्या पेपरांत शोधून दाखव मला!

महाबळेश्वर लांब पडत असेल तर मुळशी-वेल्ह्याच्या देवराया आहेत. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात त्यांचा अभ्यास केला, तेव्हा विषय जुना म्हणून नाक मुरडू नकोस. तिथं पान तोडायच्या आधी गावात विचार. देवाचं रान आहे. संरक्षित जंगलात जायचं ठरलं तर परवानगीचा अर्ज आत्ताच टाक. एप्रिलमध्ये टाकलास तर कागद हातात येईल जुलैत, आणि तू पुन्हा फुलांचे फोटो काढत बसशील.

तुझी,
मॅडम